आक्काची पोर्तुगीज

आक्काला पाच भाषा येत, पण मराठी सोडली तर फक्त हुकमापुरत्या. माझी ही थोरली बहीण सोलापुरातल्या एका प्रसूतिगृहात सुईण होती. वैरागची मराठी तिची स्वतःची. कानडी, तेलुगू आणि दखनी तिला बाळंतिणींनी शिकवली. ‘जोर कर’ आणि ‘जोर करू नकोस’ एवढं समोरच्या बाईच्या भाषेत जमलं की तिचं व्याकरण पुरं होई. “बेडा, वद्दु, नक्को! शेपूट तेवढं बदलायचं,” ती म्हणे. तिन्हींचा अर्थ एकच, नको.

पाचवी भाषा पोर्तुगीज. मिंगेल बँडमास्तरांची बायको मरिया आफ्रिकेतल्या पोर्तुगीज मुलखात वाढलेली; तिला दुसरी भाषाच येत नव्हती. तिचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं. या खेपेला मास्तर म्हणाले, “बाय, तू काय ते मराठीत सांग, मी दाराबाहेरून तिला सांगतो.”

“त्या घटकेला बाईला दाराबाहेरचं ऐकू येत न्हाय. मला शिकवा.”

आमच्या ओसरीवर शिकवणी सुरू झाली. ‘फाश फोर्सा’ म्हणजे जोर कर. ‘नांव फासश फोर्सा’ म्हणजे करू नकोस. आक्का भडकली. “नको म्हटलं की म्होरचा शबूद पण तोंड फिरवतोय व्हय?”

मास्तरांनी सोपी वाट दाखवली. “मग आदरानं बोल. ‘फासा’, ‘नांव फासा’. काही बदलत नाही.”

“अहो-जाहो करून पोर बाहेर येतंय का मास्तर? तिला तवा आई पायजे. आई ‘आपण जोर करावा’ म्हणती व्हय?”

तिने अवघड तेच घेतलं. मी ताटावर बसलो की ‘कोम!’, भाकरीला हात घातला की ‘नांव कोमश!’ खा, खाऊ नकोस. मी चिडायचो, बाहेर मात्र तिच्या बढाया मारत फिरायचो. तिच्या तोंडावर कौतुकाचा एक शब्द बोललो नाही. आता ती नाही, आणि ही टोचणी जात नाही.

मरियाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा मास्तर आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर होतो. आतून ‘फाश फोर्सा’ ऐकू येत होतं. एकाएकी आक्का ओरडली, “नांव! नांव!”

“अजून जलमलं न्हाय की आक्का,” आया नरसव्वा म्हणाली, “नाव कुटलं सांगू?”

“तुजं न्हवं गं! पोराच्या गळ्यात नाळ हाय, बाईला धर!” आणि मग खणखणीत, “नांव फासश फोर्सा, मरिये!”

मास्तरांनी माझं मनगट आवळलं. “फासश! बरोबर म्हणाली!” आणि दुसऱ्या हाताने छातीवर क्रूस काढला.

आतलं कण्हणं थांबलं. मरिया थांबली होती. “आता! फाश फोर्सा!” आणि पाठोपाठ बाळाचं रडणं.

ओले हात पुसत आक्का दारात आली. मागून मरियाचा दमलेला आवाज आला, “नांव वाश.”

“ह्ये काय नवीन?” आक्काने मास्तरांना विचारलं.

“जाऊ नकोस म्हणते, बाय,” मास्तर रडत होते.

“मग ह्ये आदी शिकवायचं न्हाय व्हय?” आक्का त्यांच्यावर डाफरली, आत वळली आणि दार लावून घेतलं. मुलगा की मुलगी, हे सांगायचं राहूनच गेलं. मास्तरही विचारायचं विसरले. मी त्या बंद दारासमोर उभा राहिलो, टोपी सरळ केली, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या अनोळखी माणसाला सांगितलं, “आत माझी बहीण आहे.”