जावईबापूंना शांतता दाखवताना

आमच्या घरात हळू बोलणारा माणूस आजारी समजला जातो.

मी स्वतः मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये उभं आयुष्य सुपरवायझर होतो. कापसाच्या त्या यंत्रांच्या धडधडीत कामगाराला बोलवायचं म्हणजे आधी त्याच्या आत्म्याला हाक मारावी लागते, मग तो वळतो. नोकरी सुटली, आवाज राहिला. घरात मी "मीठ दे" म्हणालो की शेजारच्या वहिनी भिंतीवरून बरणी पुढे करतात! (खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा. जोरात विचारा, त्यांच्या कानांचं जे काही झालंय ते माझ्यामुळेच झालंय.)

अशा घराला जावई मिळाला पुण्याचा. कौस्तुभराव. सोन्यासारखा माणूस, पण कप असा ठेवतात की बशीलासुद्धा पत्ता लागत नाही. गेल्या दिवाळीत आठवडाभर राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी "ऑफिसचं अर्जंट काम आलं" म्हणून निघाले. सोबत आमची प्रणिताही गेली. पोरीच्या पिशवीत चकल्या भरता भरता बायको रडली आणि मग माझ्याकडे वळली.

"तुमच्या या भोंग्यापायी माही पोरगी सनालेसुद्धा टिकत नाही घरात!"

पुढे धोंड्याचा महिना आला, तो ऐन श्रावणात. अधिक महिना म्हणजे जावयांची चंगळ! बोलवायचं, ओवाळायचं, अनारशांचं वाण द्यायचं आणि पुरणाचे धोंडे त्यांना हलता येणार नाही इतके चारायचे. बायकोने मला आधीच तंबी दिली.

"या खेपी दोघं पुरा हप्ता राह्यले पाह्यजे. जावई पळाले, तं तुमीबी त्यांच्यासंगं पुन्याले जा. मले नोका तोंड दाखवू!"

म्हणून ते आल्याबरोबर मी अगदी कुजबुजत विचारलं, "जावईबापू, काय पाह्यजे तुमाले?" (समोरच्या दुकानदाराने तिकडून "काही नाही, बसलो आहो" असं उत्तर दिलं.)

"काही नको, बाबा," कौस्तुभराव म्हणाले. "एखादा दिवस कुठेतरी शांत बसता आलं तर... झाडं, पक्षी..."

एवढंच ना! आमच्या घराच्या एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला हायवे. तिथे शांतता मिळत नाही हे मलाही मान्य. पण दीड-दोन तासांवर सोनाळ्याला माझा साडू भास्कर राहतो. त्याचं शेत जिथे संपतं तिथे सागाचं जंगल सुरू होतं आणि जंगल थेट सातपुड्यावर चढतं. मी लगेच फोन लावला.

"भास्कर, जावयाले शांतता दाखवायची हाय!"

"आना की! किती लोकं?"

खरं तर तिघंच जाणार होतो. पण रानात जायचं आणि रोडगे करायचे नाहीत, हे आमच्या वऱ्हाडात नवरदेवाशिवाय लग्न लावण्यासारखं. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर तूप ओतून हाणायचे. आणि तिघांसाठी रोडगे हे आजवर जिल्ह्यात कुणी केलेले नाहीत! चुलते आले, मावश्या आल्या, त्यांच्या सुना आल्या, आणि एक बाई तर कोणाची होती हे अजून कळलेलं नाही. मॅटाडोर भरून आम्ही शांततेकडे निघालो.

पोचलो तेव्हा जंगल खरोखर शांत होतं. सागाच्या पानावरून थेंब निसटला तरी ऐकू यावा, इतकं. ती शांतता आम्ही गाडीतून उतरेपर्यंत टिकली.

श्रावणातल्या ओल्या गोवऱ्या! त्यांनी असा धूर काढला की वांगी कोण चिरतंय आणि बोट कोण, कळेना. "फुंकर मार!" "तूच मार बे!" "माय वो, डोये गेले माहे!" या गदारोळात कौस्तुभराव दुर्बीण घेऊन माझ्याजवळ आले होते आणि काहीतरी म्हणाले होते, असं मला पुसट आठवतं. पण ते त्यांच्या आवाजात बोलले. त्या आवाजात आमच्याकडे कुणी देवाची प्रार्थनासुद्धा करत नाही.

रोडगे फुटायला आले तेव्हा पहिलं ताट जावयाला म्हणून बायको उठली. जावई नाहीत!

"फोन लावा!" 

लावला. तो त्यांच्या पिशवीतच होता, सायलेंटवर. (माणूस तसा फोन!)

"त्या अंगाले नसन गेले ना?" भास्कर जंगलाकडे बोट दाखवत म्हणाला. "मागल्या हप्त्यात अस्वल दिसलं होतं तिकडं."

बायकोने देवाचा धावा सुरू केला. प्रणिताचा चेहरा पांढरा झाला. आता इथे माझ्या आवाजाचं चीज होणार होतं! मी बांधावर चढलो, छाती फुगवली आणि सातपुड्याला उद्देशून गर्जना केली, "जावईबापूऽऽऽ!"

"आलोऽऽऽ!" ताबडतोब डावीकडून उत्तर!

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण कपाशीतून बाहेर आला तो नव्या कोऱ्या टोपीतला एक गुटगुटीत गृहस्थ.

"काय झालं, मामा?"

"तुमी कोन?"

"मी पल्याडच्या शेतवाल्याचा जावई. तुमीच हाक मारून राह्यले ना?"

मी पुन्हा ओरडलो. यावेळी उजवीकडून "आलो!" आलं आणि मागोमाग हातात अर्धा अनारसा घेतलेला एक जण. धोंड्याचा महिना! दर शेतावर एकेक जावई मुक्कामाला होता! तिसऱ्या हाकेला तर मोटारसायकलवरून रस्त्यापलीकडच्या शेतातल्या यासीनभाईचा दामाद हजर.

"चाचा, बुलाया क्या?"

"अरे, तुमच्यात धोंडा कुठी असते?"

"धोंडा नै तो नै, पर जावई तो हूँ ना!"

"बाबा, नावानं हाका मारा ना!" प्रणिता रडकुंडीला आली.

"जावयाले नावानं? मी सासरा होय का हेडमास्तर?"

"मग मी मारते!" तिने तोंड उघडलं, आणि समोर बसलेल्या समस्त मावश्यांकडे तिचं लक्ष गेलं. पुण्यात ती नवऱ्याला खुशाल "कौस्तुभ" म्हणते, पण इथे? तिने सुस्कारा सोडला आणि ओरडली, "अहोऽऽऽ!"

"काय?" तिन्ही जावई एकदम म्हणाले. मीही म्हणालो!

बायकोने कपाळावर हात मारला.

मग आम्ही मोहीम काढली. पुढे मी, मागे ताटं बडवत तीन परके जावई. अस्वल पळावं म्हणून जोरात बडवा, असा माझा हुकूम होता. माकडं झाडं सोडून पळाली, मोर केकाटत सुटले. मी एका ओघळीत घसरून बसलो आणि तिथूनही हाक मारली.

शेवटी जावई सापडले, ते भास्करच्याच मचाणावर. विस्तवापासून हाकेच्या अंतरावर! (माझ्या नव्हे, साध्या माणसाच्या हाकेच्या.)

"अवो, तुमी ओ काऊन नाही दिली?" मी खालून ओरडलो.

"देणार होतो, बाबा. पण प्रत्येक वेळी माझ्याआधीच कुणीतरी 'आलो' म्हणायचं. मला वाटलं, त्यांनाच बोलावताय." त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. "इथे फांदीवर स्वर्गीय नर्तक पक्षी बसला होता. पांढराशुभ्र, लांब शेपटीचा. पहिल्या हाकेला गेला."

परत आलो तर रोडग्यांचे तोफगोळे झाले होते. तिन्ही जावयांनी आपापल्या सासुरवाडीचे धोंडे आणले, यासीनभाईकडून बिर्याणी आली, म्हणून आम्ही जगलो. पण बायकोचं लक्ष जेवणात नव्हतं. कौस्तुभराव हात धुऊन तिच्याकडेच येत होते.

"आई, जरा बोलायचं होतं."

"ऑफिसचं काम आलं का?" तिने घाईने विचारलं.

"नाही. आम्ही पूर्ण हप्ता थांबतो. उद्या पुन्हा इथेच यायचं ठरलंय. हे तिघंही येतायत; या भाईंना घुबडाची ढोली माहीत आहे."

बायकोने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला. मी उत्साहाने पुढे झालो. "मंग उद्या किती वाजता निघायचं?"

चारही जावई एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी टोपीवाला म्हणाला, "मामा, तुमी आराम करा नं."

तर दुसऱ्या दिवशी मी मलकापुरात, घरी. संध्याकाळी प्रणिता हसत आली. म्हणाली, जंगल इतकं शांत होतं की तो स्वर्गीय नर्तक परत आला आणि कितीतरी वेळ बसून राहिला. दुपारी चारच्या सुमारास मात्र अचानक दचकून उडाला, का ते कुणालाच कळलं नाही.

दुपारी चारला मी बायकोकडे चहा मागितला होता.