पंजेवाले सर

आमच्या नगरच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवणाऱ्या सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. तीन वर्षं हाताखाली खेळलेली मुलगी बाजारात समोर आली तरी ते परक्यासारखे बघायचे. मग तिचा हात दिसला की ओळख पटायची, "तू राहुरीची, आखूड अंगठ्याची." त्यांच्या माघारी आम्ही त्यांना पंजेवाले सर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

मुली निवडायची त्यांची तऱ्हाच जगावेगळी. शाळांच्या तालुका स्पर्धा बघायच्या आणि मनात भरलेल्या मुलीच्या घरी जायचं. पिशवीत गेरूची डबी, एक ताटली आणि जुनी कॅलेंडरं. मुलगी ज्या हाताने खेळते तो पंजा गेरूत बुडवून कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर त्याचा ठसा घ्यायचा. "उंची आईबापाची आसती, पंजा आपला आसतो," असं ते म्हणत. मूळचे खर्ड्याकडचे, बोलणं तिकडचंच राहिलेलं. घरच्यांना वाटायचं, स्थळ आलं. मुलीला साडी नेसवायचे, पोहे करायचे. सर पोहे संपवूनच सांगायचे की मी चेंडूसाठी आलोय.

पारनेरकडच्या आमच्या घरी ते आले ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी, शीतलसाठी. शाळेत आम्हा दोघींची नावं एकाच वर्षी घातलेली, त्यामुळे दोघी दहावीतच होतो. शीतल डावखुरी. तिचा डावा पंजा त्यांनी घेतला आणि मग तिचा हात साबणाने इतक्या मायेने धुऊन दिला की मला हेवा वाटला. मीही माझा उजवा हात पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि ताटली पुसायला घेतली.

अकरावीत शीतल शेततळ्यात बुडून गेली. प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला, धरायला काही नव्हतं. बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात सरांचा फोन आला की त्या डाव्या पंजाला पाठवून द्या, जागा ठेवली आहे. वडिलांच्या तोंडून खरं निघेना. पाठवतो म्हणाले, आणि मला पाठवलं.

मैदानावर सरांनी माझा डावा हात तिच्या ठशावर ठेवून पाहिला. "ही ती न्हाई. ती कुठं हाय?" मी सांगितलं. त्यांनी कागदाचे वळलेले कोपरे तळव्याने सपाट केले. मग म्हणाले, "बरं. तिच्या जागंवर उभी ऱ्हा." मला वाटलं, आता माझा ठसा घेतील. घेतला नाही.

संघ ते माणसांवरून बांधतच नसत. रोज सकाळी सिमेंटच्या मैदानावर बारा कागद मांडायचे, कोपऱ्यांवर खडे ठेवायचे आणि गुडघ्यांवर बसून ते पंजे इकडून तिकडे सरकवायचे. त्या बारांत माझा कागद नव्हता, शीतलचा होता. सर त्याच्याशीच बोलायचे. "लई लवकर आत शिरतीस, थांबत जा." मी तर जागची हललेलीही नसायचे. लवकर आत शिरायची खोड शीतलची होती, आणि सरांनी तिला जेमतेम दोन सामने खेळताना पाहिलं होतं.

मला राग यायचा. गेलेल्या बहिणीचा मत्सर करणं पाप आहे हे कळत होतं, तरी यायचाच. घाम मी गाळायचा आणि यादीत ती. एकदा तरी माझा पंजा त्या मैदानावर मांडलेला बघायचा, एवढंच मनात होतं. पण पावसाळा सरता सरता मी खरोखर लवकर आत शिरायला लागले. डावीकडून आलेला चेंडू डाव्याच हाताने टाकायला लागले, आणि तो जाळीत पडायचा. आम्ही जिंकत होतो, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. आई एकदम लाकडं सारायची थांबली.

"मने, ह्यो कुनाचा हात हाय?"

मी खाली पाहिलं. भाकरीवर डावा हात फिरत होता. आईने ती भाकरी भाजली, पण कुणाला वाढली नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी सर निवृत्त झाले. हार-नारळ झाल्यावर त्यांनी जिचा तिचा ठसा परत दिला. माझ्या हाती शीतलचा ठेवला. तीन वर्षं साचलेलं मी तेव्हा विचारलं, माझा का नाही घेतला?

"यादी बाराचीच आसती," सर म्हणाले. "तुजा घेतला आसता तर तिला काडावं लागलं आसतं. ती निघंना."

सरांनी ताटलीत गेरू कालवला, कॅलेंडरचा एक कागद पसरला. "आता माजी यादी संपली. लाव हात."

किती वाट पाहिली होती मी त्या गेरूची. घाईघाईने हात बुडवला, कागदावर दाबला, उचलला आणि मग पाहिलं. डावा होता.

खिशातली पेन्सिल काढून सर कागदावर वाकले आणि तीन वर्षांत एकदाही न विचारलेलं त्यांनी विचारलं, "खाली नाव काय लिवू?"

माझं नाव माझ्या तोंडून यायला वेळ लागला. सर पेन्सिल धरून थांबून राहिले.