चार नंबरच्या बोटीचे पाच तास

मिस्त्रीची सही मिळवायची म्हणजे दगडाला पाझर फोडायचा, असं तलावावर सगळे म्हणत.

इंजिनाची बोट हौसेसाठी चालवायची तरी परवाना लागतो, आणि त्याचे नियम धक्क्याच्या दारावर रंगवलेले होते. चौदाच्या आतल्यांनी इंजिनाला हात लावायचा नाही. चौदा ते सोळा, शेजारी परवानेवाला मोठा माणूस बसलेला हवा. सोळा पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. पण त्याआधी बारा तास सराव, धक्क्यावरच्या इंजिनांच्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली, आणि अठराच्या आतल्यांना दिवसाला एकच तास. प्रत्येक तास सरावाच्या वहीत चढवायचा. तारीख, वारा कसा होता, इंजिनावरच्या तासमीटरचा निघतानाचा आकडा, परततानाचा आकडा, आणि शेवटी मिस्त्रीची सही.

सहीपाशी गाडं अडायचं. एकदा एक गृहस्थ पोराला घेऊन आले.

"सोळा व्हायला तीनच आठवडे कमी आहेत हो, मिस्त्री."

"मग तीन आठवडे वल्ही मारू दे. वल्ह्याला वय लागत नाही."

एका बाईंचे अकरा तास पन्नास मिनिटं झाली होती. दहा मिनिटांनी काय बिघडतं, असं त्यांनी विचारलं. "ते पाण्याला विचारा," म्हणून मिस्त्रीने त्यांना परत बोटीत बसवलं. बायको म्हणायची, "आमचं लग्न ठरताना मला होकार दिला तोही घड्याळ बघून. चार वाजून दहा मिनिटांनी." मिस्त्री हे ऐकून घ्यायचा. बारा मिनिटांनी दिला होता, एवढंच कधीतरी सुधारायचा.

वय त्रेसष्ट. अंगठ्याचं नख एकदा बोटीच्या पंख्याच्या पात्याने नेलं ते सरळ आलंच नाही. शेडमध्ये लाकडी बाक, त्यावर काम घट्ट पकडायचा शेगडा, इंजिन टांगायचा घोडा, खाली पाण्याचं पिंप. घोड्याला लावून चाचणी घेतली की पिंपातलं पाणी उकळल्यासारखं खदखदायचं. पाने भिंतीवर आकारानुसार लावलेले. कोणी उचललेला पाना दुसऱ्या खिळ्यावर टांगला तर मिस्त्री बोलायचा नाही; उठायचा, पाना जागेवर लावायचा आणि परत बसायचा. माणसाला लाज वाटायला तेवढं पुरे व्हायचं.

त्याच्या मुलीची मुलगी आजोळीच वाढली होती. यंदा तिला सोळा पूर्ण झाली. पलीकडच्या काठाला सुट्टीत माणसं पोहायला येतात, तिथे पहारा देणाऱ्या बोटीवर तिला महिनाभराचं काम कबूल झालं होतं. अट एकच, हातात परवाना हवा. परीक्षा दोन महिन्यांतून एकदा होते आणि आता ती पुढल्या आठवड्यात मंगळवारी होती. सात तास झाले होते. पाच तास, पाच दिवस, गणित बरोबर बसत होतं. तेवढ्यात पोरीला ताप आला आणि आठवडाभर ती अंथरुणातून उठली नाही.

त्या आठवड्यात चार नंबरची बोट पाण्यावर गेलीच नाही. सरावाची बोट तीच. धक्क्याच्या आतल्या कप्प्यात साखळीने बांधलेली, कुलूप घातलेली, किल्ली मिस्त्रीच्या कमरेला.

सोमवारी सकाळी त्याने नेहमीप्रमाणे मीटर वाचला. आकडा एकने पुढे होता.

वाचायला चुकलो असेन, असं म्हणून त्याने चष्मा पुसला. रविवारची नोंद काढली. नोंद बरोबर होती, आकडाही बरोबर होता. मंगळवारी आणखी एक. मिस्त्रीने मीटरच्या वायरी उघडल्या, टोकं घासली, परत बांधली. पेट्रोलच्या टाकीवर खडूने रेघ मारली. बुधवारी रेघ जिथल्या तिथे, पेट्रोल जिथल्या तिथे, आणि मीटर एकने पुढे. तेव्हा त्याने बॅटरीच काढून शेडच्या फळीवर ठेवली. आता वीज नाही तर मीटर चालणार कसा?

गुरुवारी तो धक्क्यावर गेला तेव्हा धुकं पाण्यापासून हातभर उंच उभं होतं. बोट हलत नव्हती. मीटर एकने पुढे. त्याने इंजिनावर तळहात ठेवला. ते कोमट होतं, अर्ध्या तासापूर्वी बंद केलेलं इंजिन असतं तसं. मागची, चालवणाऱ्याची फळी ओली होती. पुढची, मिस्त्रीच्या बसायची फळी कोरडी ठणठणीत.

शुक्रवारी पाचवा तास भरला. शनिवारी, रविवारी आकडा जागचा हलला नाही.

मिस्त्रीने हे घरी सांगितलं नाही. बायकोने विचारलं, "काय हो, तोंड का उतरलंय? पोरीचा ताप गेला की." तो म्हणाला, "इंजिनाचं काहीतरी आहे." चाळीस वर्षांच्या संसारात ह्या एका वाक्यावर पुढचे प्रश्न बंद व्हायचे.

सोमवारी दुपारी नात वही घेऊन शेडमध्ये आली. अजून अशक्त होती, पण डोळ्यांत चमक होती. बाकावर उडी मारून बसली.

"आजोबा, मी बोटीपाशी जाऊन आले. मीटर पाच तास पुढे आहे."

"माहीत आहे."

"बोट कोणी नेली होती?"

"कोणी नाही."

"मग झालं की. माझे सात आणि हे पाच, बारा. आकडे नीट जुळतात. मीटरने काहीतरी गंमत केली, ती आपल्या पथ्यावर पडली. तुम्ही नुसती सही करा. मला चालवता येतं हे तुम्हाला माहीत आहे."

"येतं."

"मग?"

मिस्त्रीने हातातला स्पार्क प्लग फडक्यात गुंडाळला, परत उघडला, परत गुंडाळला.

"तू वाऱ्यात वळवलेली नाहीस अजून. ते शेवटच्या पाच तासांत असतं."

"परीक्षा सकाळी असते. सकाळी वारा नसतो."

"हेच त्याही म्हणाल्या होत्या," मिस्त्री म्हणाला.

"कोण?"

एकोणीस वर्षं ही गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडली नव्हती. ती आता निघाली, आणि तीही त्याच्या इतर बोलण्यासारखीच, मोजून मापून.

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना पाण्याच्या मधोमध बसून किनारा रंगवायचा होता. त्यासाठी त्यांनी एक लहान बोट घेतली आणि परवान्यासाठी मिस्त्रीकडे आल्या. हात हलका होता. सात तासांत बोट अशी चालवू लागल्या की मिस्त्रीला बघत बसण्याशिवाय काम उरेना. उन्हाचे दिवस होते. आठव्या दिवशी तो म्हणाला, "बाई, तुम्हाला येतंय सगळं. राहिलेल्या तासांना येऊ नका, मी वही पुरी करतो." बाई हसल्या. "वाऱ्यात वळवायचं राहिलं, पण परीक्षेच्या सकाळी वारा नसतो," असं म्हणून वही ठेवून गेल्या.

"मग मीटर कसा जुळवलात?" नातीने विचारलं. मिस्त्रीच्या घरातली पोर. पहिला प्रश्न तोच पडला.

"चार नंबरची बोट धक्क्याला बांधली. इंजिन चालू केलं आणि शेडमध्ये जाऊन झोपलो. दिवसाला एक तास. पाच दिवस. बोटीत कोणी नव्हतं."

"का पण?"

"कंटाळा आला होता."

ती वाट बघत राहिली. त्याच्याकडे आणखी कारण नव्हतं. असतं तर एकोणीस वर्षांत सापडलं असतं.

बाई परीक्षा पास झाल्या. तिसऱ्या आठवड्यात दुपारचा वारा सुटलेला असताना तलावाच्या मध्यावरून एकसारखा आवाज येऊ लागला. मिस्त्री धक्क्यावर आला. बाईंची बोट गोल फिरत होती. आत कोणी नव्हतं. इंजिनाचा दांडा एका अंगाला पडलेला, बोट आपल्याच लाटांवर आपटत तेवढ्याच गोलात फिरत होती, जसं कोणी दोरीला बांधून फिरवावं. त्याने दुसऱ्या बोटीतून जाऊन तिच्या वाटेत जाड दोर टाकला. तो पंख्यात गुंतला तेव्हा कुठे ती थांबली. इंजिनाला तांबडी दोरी असते. एक टोक इंजिनात, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी सुटते, इंजिन बंद पडतं, बोट जवळच थांबते. बाईंच्या दोरीचं मनगटाचं टोक नुसतं लोंबत होतं. बाई दुसऱ्या दिवशी सापडल्या.

"दोरीचं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगता," नात हळूच म्हणाली.

"सांगतो पहिल्या दिवशी. हाताला ते बाराव्या तासाला कळतं."

चौकशी झाली. बाईंची सरावाची वही तपासली. बारा तास, बारा सह्या, आकड्याला आकडा जुळलेला. चौकशीला आलेले साहेब म्हणाले, इतके स्वच्छ कागद आम्ही कुठे पाहिले नाहीत. त्या दिवसापासून मिस्त्री कडक झाला. लोकांना वाटलं, स्वभावच आहे. चार नंबरवर पुढे नवं इंजिन आलं, पण मीटर चांगला होता म्हणून त्याने तोच काढून बसवला.

नातीने बाकावरून पिंपाकडे पाहिलं. पिंपातलं पाणी स्थिर होतं.

"म्हणजे ते पाच तास..." नात म्हणाली आणि थांबली.

"तुझे नाहीत."

"आणि मंगळवार?"

"गेला."

"काम दुसऱ्या कोणाला तरी देतील, आजोबा."

"देतील."

ती बाकावरून उतरली. चेहरा तापात होता तसा झाला होता. "तुमचा कंटाळा, आणि तो निस्तरायचा मी," ती म्हणाली. "आजीला हे माहीत आहे?"

"नाही. आज सांगेन. उद्या परीक्षा घ्यायला साहेब येतील, त्यांनाही सांगणार आहे. मग ते मला सही करू देतात की नाही, बघायचं."

तिने वही बाकावर टाकली आणि निघून गेली. मिस्त्रीने वही उघडली. 'एकूण तास' ह्या चौकटीत 'सात' असं अक्षरी लिहिलं, म्हणजे कोणाला खाडाखोड करता येऊ नये, आणि खाली सही केली. मग तो धक्क्यावर गेला.

दुपारचा वारा वाढला होता. पाणी धक्क्याच्या खांबांवर चापट्या मारत होतं. चार नंबरची बोट कुलपात होती, बॅटरी शेडमधल्या फळीवर होती. मिस्त्री वाकला आणि त्याने मीटर पाहिला. शेवटचा आकडा त्याच्या डोळ्यांदेखत फिरत होता. अगदी सावकाश, एका आकड्याची शेपटी वर जात होती आणि खालून दुसऱ्याचं डोकं येत होतं. इंजिन मुकं होतं. मागची फळी ओली होती आणि ओल पसरत होती.

तो एक पाऊल मागे सरकला. पळावंसं वाटलं, ह्यात लपवण्यासारखं काही नाही. पण गुडघे त्रेसष्ट वर्षांचे, आणि एकोणीस वर्षांपूर्वी तो जिथून उठून गेला होता ती जागा समोर रिकामी होती. त्याने कुलूप काढलं. साखळी सोडून बोट मागच्या कडीला बांधलेल्या एका लांब दोरावर घेतली. मग पुढच्या फळीवर, देखरेख करणाऱ्याच्या जागी, मागे तोंड करून बसला.

"बाई," तो म्हणाला. "बाई, उशीर झाला. आधी दोरी मनगटाला. मी बघतोय."

तो मनातल्या मनात दहापर्यंत मोजून थांबला. शिकणाऱ्याला गाठ घालायला तेवढा वेळ लागतो.

"आता वारा डाव्या अंगावर आहे. वळताना घाई केली की तो बोट आडवी धरतो. तसं होऊ द्यायचं नाही. वेग कमी. बोटीचं नाक वाऱ्यात घालायचं. हळूहळू."

मागून बांधलेली बोट वाऱ्याला पाठ देऊन राहते, हे चाळीस वर्षं पाहिलेलं. वारा तिला ढकलतो. वाऱ्याच्या तोंडात नाक घालायला माणसाचा हात लागतो. चार नंबरचं नाक आधी थरथरलं. मग ते वळायला लागलं, वाऱ्याच्या उलट, वीतभर, हातभर. मध्येच चुकलं, पाण्याने बोटीला थापड दिली.

"असू दे," मिस्त्री म्हणाला. "सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं. परत."

धक्क्याच्या फळ्या करकरल्या. नात वही न्यायला परत आली होती. ती आधी आजोबांकडे बघत राहिली, मग रिकाम्या ओल्या फळीकडे, मग बोटीच्या नाकाकडे. बोटी पाहतच ती वाढली होती. नाक कुठे वळतंय हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

"आजोबा," ती एवढंच म्हणाली.

"जवळ येऊ नकोस. तिथेच उभी राहून बघ. वाऱ्यातलं वळण असं असतं."

ती खांबाला धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "कधीपर्यंत चालेल हे?"

"पाच तास."

"सगळे आजच?"

"दिवसाला एक तास तुम्हा पोरांसाठी. त्या मोठ्या आहेत."

तिला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. "आजीला सांगते, जेवायला थांबू नकोस म्हणून."

"सांग. आणि उद्या आठला ये. साहेबांनी मला ठेवलं तर मी, नाहीतर ते ज्याला नेमतील तो. तुझा आठवा तास आहे."

ती फळ्यांवरून निघून गेली, आधी हळू, मग जवळजवळ धावत. मिस्त्रीने वळून पाहिलं नाही. देखरेख करणाऱ्याने नजर काढायची नसते. बोटीचं नाक पुन्हा वाऱ्यात शिरत होतं आणि ह्या वेळेला ते थरथरलं नाही.

"हं," तो म्हणाला. "आता दुसऱ्या अंगाने."