उभी-राहा काकू

आमची ही गेली, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून यो-यो विकत घेतला. हसू नका. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं मांजरीहून बस बदलत कोथरूडला गेली, ती खेळण्यांच्या दुकानात. नातीसाठी. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या ही दुकानदाराला म्हणाली, "पोरगी बरोबर नाही. म्हणून आज नुसतं निवडू. माप उद्या घरी."

माप हा तिचा धर्मच होता. बाहेरच्या खोलीत मशीन टाकून तिनं जन्मभर ब्लाऊज शिवले. सगळ्या शिंपिणी मापाचा जुना ब्लाऊज मागतात. ही घ्यायचीच नाही. "तो ब्लाऊज गेल्या वर्षीच्या बाईचा. आजची बाई कुठाय? उभी राहा." बायका चिडायच्या, घाईत असायच्या, पण राहायच्या उभ्या. सगळी आळी तिला उभी-राहा काकू म्हणायची. मलाही सूट नव्हती. लेंग्याची नाडी ओवायची असली तरी, "अहो, उभे राहा."

टेप कमरेला लावला की बायका पोट आत ओढतात. सगळ्याच ओढतात. ही टेप तसाच धरून थांबायची. "श्वास सोड. लग्नात जेवणार आहेस ना? मग सोड." बाई हसायची, हसताना श्वास सुटायचा, आणि हिला खरं माप मिळायचं. वर शिवणीत आतून जरा कापड जास्त ठेवायची. माणूस काही लाकूड नाही, म्हणायची.

एका गोष्टीची मात्र तिला चीड होती. वाढत्या अंगाचं घ्यायचं. आमच्या मुलानं मुक्ताला, म्हणजे आमच्या नातीला, चाकाचे बूट आणले ते असेच, पुढच्या वर्षीही व्हावेत म्हणून मोठे. पोरगी सोसायटीत सगळ्यांसमोर पडली, पुन्हा पडली, आणि बूट माळ्यावर गेले. तेव्हापासून ती नऊ वर्षांची पोर एकच बोलायला लागली, "मला काहीच जमत नाही." चित्र काढ म्हटलं तरी तेच, सायकल चालव म्हटलं तरी तेच. हिला ते वाक्य फार लागलं. मला म्हणाली, "पोरगी हरली नाही, बूट हरले. आणि पोर बसलीय स्वतःवर घेऊन."

मग या यो-योचं निघालं. मुक्ताकडं साधा होता. खाली टाकला, झटका दिला की हातात येणारा. शाळेतल्या मुलींकडं दुसरा असतो. तो खाली जाऊन फिरतच राहतो, कितीही ओढा, वर येत नाही. त्यामुळं दोरीवर झेलून नाना खेळ करता येतात. मुक्ताला तो हवा होता, पण मागायची भीती वाटत होती. आजीच्या कानात सांगितलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बूट पडलेत माळ्यावर. आता हे." ही म्हणाली, "टाकला तर टाकू दे. पण मापात नव्हता म्हणून टाकला, असं व्हायला नको." आणि फोन ठेवला. आमच्या भागात तसला मिळेना, म्हणून शनिवारी कोथरूड.

दुकानदारानं आधी चकचकीत धातूचा काढला. मला आवडला. हिनं तो तळहातावर तोलला, आणि आपल्याच बोटाच्या पेरावर आपटून पाहिला.

"हा असा उलटून हाडावर आला तर?"

"येतो आजी. शिकताना सगळ्यांच्याच येतो."

"मग पहिला कशाला हा? प्लास्टिकचा दाखवा."

त्यानं रुंद, फुलपात्रासारखा उघडा असा एक प्लास्टिकचा काढला. म्हणाला, "पहिला घ्यायचा तर हाच. रुंद आहे, म्हणजे दोरीवर झेलायला सोपा. मधली फट मोठी आहे, म्हणजे दोरी अडकत नाही." मी चौथी शिकलोय, पण उभा जन्म लेथवर गेलाय. आतलं बेअरिंग बोटानं फिरवलं आणि म्हणालो, "कोरडं आहे. ग्रीस भरायला पाहिजे."

"आजोबा, ग्रीस भरलंत तर झटक्यानं वर यायला लागेल. हा न येण्यासाठीच घेतात."

"यांचं मनावर घेऊ नका," ही म्हणाली. "माझ्या शिलाई मशीनलाही ग्रीस भरायला निघाले होते."

"पण आला नाही तर आणायचा कसा?" मी विचारलं.

त्यानं यो-यो सोडला. खाली फिरत राहिला. ओढला, ढिम्म. मग त्यानं दोरीची एक घडी केली, ती फटीत सारली, आणि यो-यो सटकन त्याच्या हातात. हिचे डोळे असे चमकले! "पुन्हा करा. सावकाश करा." त्याला दमवलं. मग पदर खोचला आणि स्वतः उभी राहिली. पहिल्यांदा लोंबकळला. दुसऱ्यांदा माझ्या गुडघ्यावर आला. दुकानातली गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघत होती. आणि मग एकदाचा आला, थाडकन तिच्या तळहातात. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. ब्लाऊज पहिल्या फटक्यात बसला की बघायची, तसं.

"दोरी माझ्या मापाची आहे," ती म्हणाली. "पोरीला लांब होईल."

"नऊ वर्षांची ना? देतो अंदाजानं कापून."

"अंदाज राहू द्या तुमच्याकडंच. कुठपर्यंत हवी ते सांगा."

"जमिनीवर ठेवायचा, दोरी सरळ वर, बेंबीपर्यंत. वर बोटभर ठेवायची, गाठीला."

"अनवाणी की पायात घालून?"

तो थांबला, हसला. "खेळताना जे घालेल ते घालून. आजी, हे आजवर मला कोणी विचारलं नव्हतं."

"आता तुम्ही विचारत जा," ही म्हणाली.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मुक्ता दर रविवारी सकाळी आमच्याकडं येते. "आली की आधी दोरी कापू," ती म्हणाली. "मग चहा."

सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मुलगा आला, सून आली, खोली बायकांनी भरली. पिशवी खुंटीला तशीच होती. मुक्ता दाराशी भिंतीला चिकटून उभी, खांदे वर ओढलेले. कोणीतरी तिला सांगितलं होतं, मोठ्यांच्या मध्ये येऊ नको.

मी उठलो. पिशवीतून यो-यो काढला. मशीनच्या खणातून हिची कापडाची कात्री घेतली. ती कात्री तिनं कधी कागदाला लावू दिली नाही. दोरी चालते, दोरी म्हणजे दोराच. माझी मोठी बहीण अक्का म्हणाली, "अरे, आज कात्री धरतात का? डोकं फिरलं का तुझं?"

"अक्का, तिनं रविवारी सकाळी कापायची म्हणून सांगितलं होतं. रविवारची सकाळ आहे."

मी मुक्ताला दाराबाहेर व्हरांड्यात नेलं.

"बूट घाल."

तिनं दाराशी काढलेले रोजचे बूट घातले.

"उभी राहा."

राहिली. मी गुडघे धरत खाली बसलो, यो-यो तिच्या पायाशी ठेवला, दोरी सरळ वर घेतली. पोरीचं पोट आत खेचलेलं, दगडासारखं. असं माप घेता येत नाही. मी दोरी तशीच धरून थांबलो.

"श्वास सोड," मी म्हणालो.

तिनं सोडला. त्याबरोबर अडवलेलं सगळं रडू बाहेर आलं, माझ्या डोक्यावर, खांद्यावर. मी घाई केली नाही. ती शांत झाल्यावर दोरी पुन्हा ताठ केली, बेंबीपर्यंत धरली, वर बोटभर ठेवली, आणि कापली.