डॉक्टरांची मोटार
हाताला पेट्रोलचा वास लागला की मला डोंगरकडा गावातली ती दुपार आठवते. तिथले एक डॉक्टर वारल्यावर त्यांची जुनी मोटार आठ वर्षं लिंबाखाली सडत पडली होती. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, ती मला दिली, अट एकच: चालू झाली की पहिली फेरी त्यांची. दोन वर्षं दर रविवारी मी गंज घासला आणि कळमनुरीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिन उभं केलं. ठरल्या दिवशी बाई ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसल्या. गाडी मात्र नुसती खोकायची, धूर सोडायची आणि बंद पडायची. असे तीन तास गेले. पत्रा तापला, बाई पदरानं वारा घेत राहिल्या, पण उतरेनात. शेवटी माझा तोल गेला. "मिस्त्री, तुमच्यानं होत नसंल तर तसं सांगा," मी ओरडलो. "पेट्रोल येऊन राहिलं, करंट बी बराबर हाय. थांबा जरा," एवढंच म्हणून ते पुन्हा वाकले. त्यांनी प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. सकाळी प्लग पुसून त्या वायरी मीच जोडल्या होत्या. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "बोलल्याबिगर माणसं हलत न्हाईत, बघा," बाई आतून मला कौतुकानं म्हणाल्या. मिस्त्रींनी बॉनेट लावलं. "बसा सर, बाईला फिरवून आणा." मी स्टिअरिंगवर बसलो. ते अजूनही गाडी बघायला येतात, चहा घेतात, आणि ती चूक माझी होती एवढं वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.