गिरणी बंद ठेवली ती दुपार

वय सेहेचाळीस, लग्न केलेलं नाही, पुण्यात ऑडिटची नोकरी. माझा आवाज चढला की ऑफिसातली भलीभली माणसं कागद शोधायला लागतात. पाच महिन्यांच्या बाळाला त्याचं काहीच पडलेलं नसतं, हे मी सांगत होते, पण कोल्हापुरातल्या माझ्या माणसांना ते पटत नव्हतं. "बाईमाणसाच्या हाताला कळतंय की आपोआप," भाऊ म्हणाला. माझ्या हाताला काही कळत नव्हतं. बाळ उचलायचं कसं आणि उचललं की ठेवायचं कुठे, इथपासून सगळा आनंदच होता.

त्या दिवशी भावजयीची मुलाखत होती, एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी. लग्नाआधीपासून ती अशा जागेची वाट बघत होती. बाळाकडे बघायला तिची आई कुरुंदवाडहून येणार होती, पण ऐन वेळी न्हाणीत पाय घसरून पडली. मग सगळ्यांना एकदम आठवलं की माझ्या रजा शिल्लक आहेत.

आमचं घर मंगळवार पेठेत. पुढच्या खोलीत वडिलांच्या वेळची पिठाची गिरणी, तिच्यामागे मधली खोली, आणि तिथे आढ्याला बाळाची झोळी. गिरणी आता भाऊ चालवतो. आल्या आल्या मी त्याला सांगून टाकलं, आज गिरणी बंद. एवढ्या खडखडाटात लेकरू झोपणार कसं? भावाने वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं. मलकापूरला कुणाचं तरी लग्न होतं. त्याने शटर अर्धं ओढलं, फटफटी काढली आणि गेला.

भावजय काठाची साडी नेसून दारात उभी राहिली. चपला घातल्या, काढल्या, आत येऊन पुन्हा झोळीत बघितलं. "वन्सं, फोन मांडीवर ठेवतो. लईच रडला तर एक मिस कॉल द्या. मी उठून येतो."

"मुलाखतीतून?"

"व्हय. नोकरी काय, परत बघता येती."

हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. परत बघता येणार नाही हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

ती गेल्यावर मी घर शांत करायच्या मागे लागले. टीव्ही बंद केला. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना पिटाळलं. कुकर लावायचा बेत रद्द केला, शिट्टीने जागा होईल म्हणून. इतकी शांतता त्या घरात मी लहानपणापासून कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत बाळाने डोळे उघडले, चारी बाजूंना बघितलं आणि भोकाड पसरलं.

काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायला गेले, ते त्याने माझ्या अंगावर उडवलं. दुपटं बदललं. बेंबीभोवती हिंगाचं पाणी चोळलं. मुंगीबिंगी चावली का म्हणून कपडे काढून बघितले आणि तेच कपडे परत घालताना त्याचा एक हात मला बाहीत सापडेना. खांद्यावर घेऊन फिरले, झोळीत टाकून हलवलं, पुन्हा काढलं. खुळखुळा वाजवला तर आणखी जोरात. रडून रडून ते लाल झालं, मध्येच श्वास धरायचं आणि माझाही श्वास अडकायचा. मला राग आला. भावाचा आला, कुरुंदवाडच्या न्हाणीचा आला, आणि एका क्षणाला त्या एवढ्याशा जिवाचाही आला. मग माझीच मला लाज वाटली.

फोन हातात घेतला. तिचा नंबर काढला, ठेवला, पुन्हा काढला. दिला मिस कॉल तर ती खरंच उठून येणार, आणि ती जागा माझ्यामुळे गेली हे दोघींना जन्मभर पुरणार. नाही दिला, आणि याला खरंच काही होत असलं तर? बोट त्या हिरव्या खुणेवर नेऊन मी नुसती येरझाऱ्या घालत होते.

"गिरणी बंद का रं?" शटरखालून हाक आली. समोरच्या घरातल्या काकू, काखेत ज्वारीचा डबा. भावाऐवजी मला बघून त्या आत आल्या. "पोरगं का असं वरडतंय?"

"तुम्हीच बघा," म्हणत मी त्याला त्यांच्याकडे दिलं. त्यांनी चार पोरं वाढवलेली. त्यांनी थोपटलं, चुचकारलं, पण बाळ काही थांबेना.

"मला बी ऐकंना झालंय," त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं. "दमलं की झोपंल. तवर माझं एवढं दळून दे की. भाकरीला पीठ न्हाय."

तो डबा रस्त्यावर भिरकावून द्यावासा वाटला. पण शाळेत असताना मी रोज गिरणीवर बसत असे, आणि त्या घरात माझं ऐकेल असं तेवढं एकच काही उरलं होतं. बाळाला झोळीत ठेवलं, ज्वारी वरून ओतली आणि बटण दाबलं. मोटर घुमली, पट्टा फिरला, दगड लागला.

रडणं मध्येच तुटलं. मी घाबरून मधल्या खोलीत धावले. बाळ छताकडे बघत होतं, तोंड अजून उघडंच. मग एक मोठी जांभई दिली आणि मूठ तोंडाजवळ घेऊन डोळे मिटले.

काकू माझ्यामागून बघत होत्या. "त्याच्यासाठी बंद ठिवलीतीस व्हय गिरणी?" त्या हसत सुटल्या. "आईच्या पोटात हुतं तवापासनं ह्याच आवाजात झोपतंय ते."

ज्वारी संपली, मी गिरणी थांबवली आणि आतून कुरकुर सुरू झाली. आता पंचाईत अशी की गिरणी रिकामी फिरवता येत नाही. दगडावर दगड घासतो, आणि त्यासाठी वडिलांचा ओरडा मी पुष्कळ खाल्लेला. काकूंनी पदर खोचला, गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या आणि कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाळी दिली, "दळाण आणा गं, गिरणी चालू हाय." मग झोळीपाशी येऊन बसल्या. डबे यायला लागले. गहू, ज्वारी, पुन्हा गहू, कुणाची भाजणी. मी पिठाने नखशिखांत पांढरी झाले, आणि दारात बायकांची गर्दी वाढत गेली.

ती गर्दी भावजयीने कोपऱ्यावरून बघितली. भरदुपारी दारात एवढी माणसं म्हटल्यावर तिच्या मनात नको ते आलं. निऱ्या मुठीत धरून ती पळत आली, बायकांना ढकलून आत शिरली, झोळीत वाकून बघितलं आणि तिथेच खाली बसली.

"मुलाखत?" मी गिरणीच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"झाली. बरी झाली." तिने पदराने तोंड पुसलं. "रडला का?"

याचं उत्तर मी दुपारभर तयार ठेवलं होतं. "अजिबात नाही."

"अजिबात?" ती झोळीकडे बघत राहिली. तिचा चेहरा पडला. "प्रत्येक प्रश्नाला मी फोनकडंच बघत हुतो. आणि ह्याला माझी आठवण बी न्हाय."

"रडला," मी म्हणाले. "घर डोक्यावर घेतलं होतं. कुणाकडेच थांबेना. तुझा नंबर किती वेळा काढला असेल."

तिचे डोळे भरून आले आणि चेहरा उजळला, दोन्ही एकदमच. "मग केला का न्हाई?"

"तू आली असतीस."

"व्हय," ती म्हणाली. "आलो असतो."

शेवटचा डबा संपत आला होता. मी लाल बटणाकडे हात नेला, तर तिने मनगट धरलं. "राहू द्या, वन्सं. झोपू दे त्याला." घरातल्या गव्हाचा डबा तिने त्या काठाच्या साडीतच उचलून आणला आणि वरून ओतला.