खुणेचा रकाना

माझी बायको अलका वेबसाइट बनवते आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. माझं कपाट तिनं कधी आवरलं नाही. शेजारी स्वतःचं घेतलं. याचं कौतुक करावं की वैतागावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हैदराबादेत, नारायणगुड्याच्या ऑफिसातही तिचा हाच खाक्या. प्लगइन म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेलं आयतं दुकान. त्यातलं एखादं पान पटलं नाही, तर मूळ पान तसंच ठेवायचं, त्याची नक्कल त्याच नावानं आपल्या फोल्डरात ठेवायची आणि तिच्यात हवे ते बदल करायचे. साइट आधी आपल्या फोल्डरात बघते. तिथं पान मिळालं तर तेच दाखवते, नाहीतर मूळ. मूळ पानातच खाडाखोड केली, तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं. मी पुणेकर असल्यामुळे हे मला लगेच पटलं नाही, एवढंच.

ही गोष्ट २०१० च्या दिवाळीची. माझ्या सासूबाई, भामाबाई, जामबागेत एकट्या राहून फराळ करून विकायच्या. तिकडे माधापूरला नव्या कंपन्या आल्या, त्यांच्या मागोमाग पुण्या-मुंबईची पोरं आली आणि सासूबाईंच्या अनारशांना गिऱ्हाईक मिळालं. अलकानं त्यांना साइट काढून दिली. पण आदल्या दिवाळीला कितीतरी डबे परत आले. प्लगइनचं पान घर नंबर, रस्ता आणि शहर एवढंच विचारायचं. हैदराबादच्या घर नंबरात आकड्याआकड्यांमध्ये रेघाच इतक्या, की नुसत्या नंबरावर घर शोधणारा माणूस संध्याकाळपर्यंत चहाच पीत बसतो. इथं खूण लागते.

परत आलेल्या चकल्यांचा चुरा झाला होता. ते ऐकून पुण्याहून माझा मेहुणा संदेश आईला म्हणाला, पुरे झालं, आता इकडे ये. यंदाही डबे परत आले तर जामबाग सोडून येईन, असं सासूबाईंनी कबूल केलं. संदेश वाईट नाही, त्याला आई हवी होती. पण अलकालाही हवी होती, आणि सासूबाईंना त्यांची चूल.

म्हणून यंदा अलकानं पत्त्याच्या पानाची नक्कल केली आणि तिच्यात ठसठशीत रकाना घातला: जवळची खूण. करून बघायला तिनं आईच्याच घरी एक डबा मागवला. तो दुपारच्या आत बिनबोभाट पोचला. आम्ही खूश.

डबे निघायच्या सकाळी सासूबाई लेबलं चिकटवायला बसल्या आणि थांबल्या.

"अलका, यात खूण कुठं हाय गं?"

खूण कुठेच नव्हती. गिऱ्हाइकांनी मन लावून लिहिली होती, साइटनं जपूनही ठेवली होती; पण लेबल छापणारं पान वेगळं, आणि ते प्लगइनचं मूळचंच चालू होतं. अलकानं फक्त विचारणारं पान बदललं होतं. मग आमचा डबा पोचला कसा? तर जामबागेत भामाबाईंचं घर सांगायला पत्ता लागतोच कुठे! कुरिअरवाल्या अप्पारावानं लेबल वाचलंसुद्धा नव्हतं.

अप्पाराव तर दारात उभा. मी म्हटलं, मूळ पानातच बदल कर आणि मोकळी हो. अलकानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा करायला आत गेलो. लेबलाच्या पानाची नक्कल, खुणेची ओळ, पुन्हा छपाई. तेवढा वेळ सासूबाई अप्पारावाला शेव खायला घालत होत्या. "परेशान नक्को होऊ रे, निघायलंच आता," असं म्हणत होत्या. स्वतः मात्र एकाच डब्याची दोरी पुन्हा पुन्हा सोडून बांधत होत्या. मला त्यांचा फार लळा आहे, हे त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

नव्या लेबलांवर पाण्याच्या टाक्या, बंद पडलेला पेट्रोल पंप, कुणाची काळी कुत्री असं सगळं उमटलं. एकही डबा परत आला नाही. अलकानं संदेशला फोन करून तसं सांगितलं. तो बरं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी साइटवर शेवटची मागणी आली, थेट पुण्याहून. फराळ, सगळं थोडं थोडं. नाव संदेशचं. अलकानं लेबल छापलं आणि आईच्या हातात दिलं. सासूबाईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं. जवळची खूण: आई राहायला येणार होती ते घर.

त्यांनी लेबलाची घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. मग मला म्हणाल्या,

"मंदारराव, हे अप्पारावाला देऊ नक्का. भाऊबीज झाली की मीच नेऊन देते. आठ दिवस ऱ्हाते आन् येते."

अलका मला म्हणाली, रिटर्न तिकीट काढ.